बाटलीवरचं गाव

गेल्या डिसेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. हॉल घ्यायचा नाही, घरच्या घरी जेवायचं, एवढी एकच अट मी घातली होती आणि ती सर्वांनी थोडी कुरकुर करून का होईना, पाळली. मटण सौ.नं केलं, भाकऱ्या धाकट्या वहिनींनी थापल्या. पानं वाढली जात असताना आमच्या सूनबाईनं पिशवीतून एक बाटली काढली आणि मटणाच्या पातेल्याशेजारी, तेलाची बाटली ठेवावी इतक्या सहजपणे ठेवून दिली.

"बाबा, अकलूजची आहे ही," ती म्हणाली.

अकलूज म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ऊस येतो, साखर कारखाना येतो, लावणीची स्पर्धा येते. वाइन येत नाही. चष्मा लावून मी लेबल वाचलं. कंपनीचं नाव इटालियन, द्राक्षाचं नाव इटालियन : सांजोवेसे. अकलूज शोधायला बाटली फिरवून मागच्या बारीक अक्षरांपर्यंत जावं लागलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बारीक अक्षरं आधी वाचायची सवय असते, म्हणून ते सापडलं.

सौ.नं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, म्हणजे दारूच ना ही?"

त्या रात्री पाहुण्यांसमोर मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता आणि आमच्या घरात तर तो फारच रास्त होता. तेव्हा त्याचं उत्तर आज सविस्तर देतो.

आमचं घर माहुल गावातलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने. माझ्या लहानपणी दारूबंदीचा १९४९ चा कायदा बराच सैल झालेला होता. पण परमिटची दारू श्रीमंतांसाठी आणि खाडीकडेच्या तिवरांत लागणारी हातभट्टी गरिबांसाठी, अशी वाटणी पक्की होती. माझे थोरले काका या वाटणीत दुसऱ्या बाजूला होते. उत्तम जाळं विणणारा माणूस. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. काकीनं त्यानंतर घरात काचेची रिकामी बाटलीसुद्धा ठेवू दिली नाही, रॉकेलसाठी पत्र्याचा डबा आणला. पुढे २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूनं माणसं गेली, मालवणीत तर शंभराच्या वर गेली, तेव्हा ती बातमी आमच्या घरात कुणी मोठ्यानं वाचली नाही.

म्हणून पहिलं उत्तर सरळ देतो. होय, वाइन ही दारूच. तिच्यात साधारण बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो, म्हणजे बिअरच्या दुप्पट-अडीचपट. 'हृदयाला चांगली असते' हे जे हल्ली लग्नसमारंभात सांगितलं जातं, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगून टाकलं की आरोग्याला निर्धोक असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. ज्या घरानं एकदा भोगलं आहे, त्या घरानं बाटली दाराबाहेर ठेवली तर त्यात मागासलेपणा काही नाही.

इतकं बोलून मी थांबू शकलो असतो. पण मग मी त्या रात्री दोन घोट घेतले (सौ.च्या मते तीन), ते लपवल्यासारखं होईल. शिवाय त्या घोटांनी मला एका जुन्या कर्जप्रकरणाची आठवण करून दिली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

आधी चव. या वाइनला 'ड्राय' म्हणतात, म्हणजे कोरडी. आपल्याकडे 'ओली पार्टी' आणि 'ड्राय डे' हे शब्द रुळल्यामुळे कोरडी वाइन म्हटलं की गोंधळ होतो. माझ्या एका मित्रानं तर ड्राय डेला ड्राय वाइन चालते का, असं गंभीरपणे विचारलं होतं. अर्थ साधा आहे. द्राक्षाच्या रसातली साखर किण्व खातं आणि तिचा मद्यार्क करतं. साखर जवळजवळ सगळी संपेपर्यंत ते खाऊ दिलं तर जी उरते ती कोरडी वाइन. गोडवा गेलेला असतो. उरतो तो आंबटपणा आणि सालीतून, बियांतून उतरलेला तुरटपणा.

आपल्या पूर्वजांनी सहा रस मोजले, त्यांत कषाय म्हणजे तुरट हा एक स्वतंत्र रस धरला, ही मला त्यांची मोठी रसिकता वाटते. आवळा, जांभूळ, कच्ची सुपारी, काथ; मराठी जिभेला तुरटपणा शिकवावा लागत नाही. सांजोवेसेचा पहिला घोट तसाच लागला. आंबट करवंदासारखा, मागून जांभळानं जीभ धरावी तसा. धाकट्या वहिनींनी चमचाभर चाखून तोंड वेंगाडलं. "यापेक्षा आमसुलाचं सार बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं फारसं चुकलं नाही.

पण मटणाचा घास खाऊन घेतलेला दुसरा घोट वेगळा होता. मटणाच्या रश्शावरचा तवंग जिभेवरून धुऊन निघाला आणि तुरटपणा मवाळ झाला. या वाइनचा स्वभाव हाच आहे. ती एकटी बसून पिण्याची नाही. एकटी प्यायली तर ती तुमच्याशी भांडते, जेवणाबरोबर घेतली तर जमवून घेते. अर्थात सगळ्याच जेवणाशी नाही. तिखट जास्त असेल तर तुरटपणा आणखी बोचतो. आणि आमच्या माहुलच्या बोंबलाबरोबर घेतली तर तोंडात लोखंडाची चव येते, हा प्रयोग मी दुसऱ्या दिवशी उरलेल्या घोटभर वाइनवर करून पाहिला. (तिसरा घोट तो हाच असावा.)

या द्राक्षाचं माहेर इटलीत, टस्कनी प्रांतात. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ मुलखाला कियांती म्हणतात आणि तिथल्या वाइनलाही कियांतीच म्हणतात. सांजोवेसे या नावाचा अर्थ ज्युपिटर देवाचं रक्त, असं तिकडे सांगतात. नाव भव्य, पण वाइन शेतकऱ्याच्या रोजच्या जेवणातली. टस्कनीतला पाव बिनमिठाचा असतो, हे मला कळलं तेव्हा भाकरी आठवली. भाकरीतही आपण मीठ घालत नाही. चव कालवणानं आणायची, भाकरीनं पोट धरायचं. ज्या मुलखात पाव असा मुका असतो, तिथे वाइनलाही थोडं बोलावं लागतं.

हे द्राक्ष अकलूजला कसं आलं, तो किस्साही रंजक आहे. तीन घरांतले भाऊ एकत्र आले : इटलीतले सेच्ची, दिल्लीचे सेख्री आणि अकलूजचे मोहिते-पाटील. म्हणून कंपनीचं नाव ठेवलं 'फ्रातेल्ली'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ भाऊ. २००७ च्या सुमारास परदेशातून रोपं आणून मोटेवाडी, निमगावच्या माळांवर लावली. पिएरो मासी हे टस्कनीतले जाणते वाइनकर्ते इथे आले. जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्या माळशिरस तालुक्यात टस्कनीच्या थंडीतलं झाड जगवायचं, हे धाडसच म्हणायचं.

कारण वेल इथे झोपतच नाही. टस्कनीत हिवाळ्यात तिची पानं गळतात, वसंतात डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं उतरतात. आपल्याकडे थंडी झोपवण्याइतकी पडत नाही, म्हणून शेतकरी कात्रीनं तिचं वर्ष आखून देतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पाऊस सरता सरता गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान काढणी. उन्हानं द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा पडतो. म्हणून तोडणीचा दिवस नेमका साधावा लागतो आणि तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकावी लागते. अकलूजच्या सांजोवेसेत कियांतीचा करकरीत आंबटपणा शोधू नये. तिच्यात आपलं ऊन आहे. ती थोडी भरलेली, थोडी मोकळी लागते. माहेरचं वळण आणि सासरचं पाणी, दोन्ही ओळखू येतात.

आता ते कर्जप्रकरण. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं आणि नाशिक जिल्ह्यात वाइनरी उभ्या राहू लागल्या. त्या काळात माझी बदली त्याच पट्ट्यातल्या एका शाखेत झाली होती. एक तरुण शेतकरी तीन एकर वाइनच्या द्राक्षाचा प्रस्ताव घेऊन आला. एका वाइनरीशी त्याचा करार झालेला, भाव ठरलेला, कागद स्वच्छ. मी मळा पाहिला, त्याच्या आईच्या हातचा चहा घेतला आणि मंजुरीवर सही केली. पहिली दोन-तीन वर्षं हप्ते वेळेवर आले. मग २००८-०९ ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि त्या वाइनरीनं काढणीच्या आठवड्यात कळवलं की यंदा माल उचलता येणार नाही.

वाइनच्या द्राक्षाचं दुखणं इथे समजून घ्यायला हवं. दाणा बारीक, साल जाड, आत बिया. खायला कुणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. "साहेब," तो मला म्हणाला, "थॉमसन असती तर निदान गाडीवर उभं राहून विकली असती." त्या वर्षी माल वेलीवरच सुकला. पुढच्या वर्षी त्यानं बाग तोडली. एकट्यानंच नव्हे, त्या भागात कितीतरी जणांनी तोडली. अर्धा एकर विकून त्यानं कर्ज फेडलं, एक पैसा बुडवला नाही. बँकेच्या दृष्टीनं ते खातं उत्तम ठरलं. माझ्या दृष्टीनं नाही. कराराचा कागद मी बारीक अक्षरांसकट वाचला होता, पण एक प्रश्न विचारायचा राहिला होता : या वाइनरीनं माल नाकारला तर ही द्राक्षं दुसरं कोण घेईल, आणि का घेईल?

कियांतीचा इतिहास मी निवृत्तीनंतर वाचला, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मिळालं. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा यानं फर्मान काढून कियांतीसह चार मुलखांच्या हद्दी आखल्या आणि त्या नावानं वाइन कुठली विकता येईल हे ठरवून दिलं. तीनशे वर्षांपूर्वी! १८७२ साली बेत्तिनो रिकासोली यांनी, हे गृहस्थ इटलीचे पंतप्रधानही होते, सांजोवेसे मुख्य धरून कुठलं द्राक्ष कशासाठी मिसळायचं ते लिहून ठेवलं. १९२४ साली तिथल्या ३३ उत्पादकांनी संघ स्थापन केला आणि काळ्या कोंबड्याचं चिन्ह घेतलं. म्हणजे द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हातात काय आलं? त्याची जमीन त्या हद्दीत असेल आणि त्यानं नियम पाळला असेल, तर त्याच्या मालाला गावाच्या नावाचा हक्क मिळतो. एका गिऱ्हाइकानं पाठ फिरवली तर दुसऱ्याला त्याच नावाची गरज असते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर गावाचं नाव हे तारण आहे. माझ्या शेतकऱ्याकडे जमीन होती, घाम होता, करार होता. तारण ठेवण्याजोगं नाव नव्हतं.

तिथेही सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. १९३२ साली कियांतीची हद्द ताणून आजूबाजूचा मोठा मुलूख तिच्यात घातला, मूळ गावांना 'क्लासिको' असं वेगळं म्हणवून घ्यावं लागलं. गवतानं मढवलेल्या गोल बाटल्यांतून पातळ वाइन जगभर गेली आणि नाव उतरलं. १९६७ च्या नियमानं तर लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं केलं. तेव्हा आंतिनोरी या जुन्या घराण्यानं १९७१ पासून आपली 'तिन्यानेल्लो' ही उत्तम वाइन कियांती हे नाव सोडून विकली, पण वाइट नियम पाळला नाही. शेवटी नियमच बदलावा लागला. क्लासिकोमध्ये आता किमान ८० टक्के सांजोवेसे लागतं आणि पांढऱ्या द्राक्षांना २००६ पासून बंदी आहे. आणि १९८६ साली इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल घातल्यानं वीसहून अधिक माणसं मेली. आपल्या विक्रोळी-मालवणीचीच जात. त्या धक्क्यानंतर तिथल्या लोकांनी दर्जाची आणि तपासणीची कास अधिक घट्ट धरली. नाव एकदा आखून दिलं की काम संपत नाही, ते दर पिढीला राखावं लागतं.

गंमत अशी की, द्राक्षाला नाव देणं मराठी शेतकऱ्याला नवं नाही. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची 'सोनाका' आणि तासगावकडच्या वसंतराव आर्व्यांची 'तास-ए-गणेश', ही बागेत उभं राहून निवडलेली, वाढवलेली आणि स्वतःच्या नावानं जगात पाठवलेली वाणं. खायच्या द्राक्षाला आपण मराठी नाव दिलं आणि ते कुणाला खटकलं नाही. वाइनच्या बाबतीत मात्र आपल्याला संकोच होतो. नारायणगावच्या चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फेसाळती वाइन परदेशी पाठवली ती फारसी कवीच्या नावानं. राजीव सामंतांनी आईच्या, सुलभाबाईंच्या नावावरून 'सुला' केलं, तो सुखद अपवाद. 'नाशिक व्हॅली वाइन' याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण किती वाचकांनी ते बाटलीवर पाहून बाटली निवडली असेल? मानांकन कपाटात आणि ब्रँड दर्शनी, अशी आपली तऱ्हा.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढा गदारोळ उठला! वाइन दारू आहे की नाही, यावर महिनाभर वाद झाला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय पुढे सरकला नाही. शेतकऱ्याच्या भल्यासाठी हे करतो, असं सरकार म्हणत होतं. माझं म्हणणं असं की, शेतकऱ्याचं भलं दुकानाच्या फळीवर ठरत नाही. ते बांधावर ठरतं. कुठल्या गावाची द्राक्षं, किती उतारा घेतलेली, कुठे पिळलेली, हे बाटलीच्या दर्शनी बाजूला लिहिण्याचा नियम करा. त्या नावाचा हक्क कंपनीला न देता पिकवणाऱ्यांच्या संघाला द्या. अशा नावाच्या मालावर बँकेनं कर्ज द्यावं, मी निवृत्त असूनही जामीन राहीन!

यावर आक्षेप येईल, आणि तो आमच्या घरातूनच आला. "गावाचं नाव दारूच्या बाटलीवर? बायका काय म्हणतील?" सौ.नं विचारलं. बायकांना जरूर विचारा, असंच माझं म्हणणं आहे. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून, बाटली आडवी करून, दारूची दुकानं बंद पाडली आहेत. उभी बाटली की आडवी, हे ठरवण्याचा अधिकार जर गावाचा असेल, तर बाटलीवर आपलं नाव द्यायचं की नाही, हेही गावानंच ठरवावं. ज्या गावाला नको त्यानं नाही म्हणावं. पण ज्याच्या मातीतून माल निघतो त्याचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असावं, हे मला पटत नाही.

नावाची किंमत काय असते, हे माहुलकराला कुणी शिकवायला नको. आमच्या गावाचं नाव खाडीमुळे, मासळीमुळे, थंडीत चिखलात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ओळखलं जाऊ शकलं असतं. १९५५ च्या सुमारास शुद्धीकरण कारखाने आले, रोजगार मिळाला, आमचे वडीलही जाळं सोडून तिथे लागले. पण गावाची हद्द कुठे संपते आणि कारखान्याचा वास कुठे सुरू होतो, हे कुणी आखून दिलं नाही. पुढे शहरभरातल्या विस्थापितांना इथल्या इमारतींत आणून टाकलं, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांना माहुलला राहायला जाण्याची सक्ती करता येणार नाही. ज्या गावात माझी पाच पिढ्यांची हाडं आहेत, तिथे राहणं ही शिक्षा ठरली. न्यायालयाचं चुकलं नाही. आम्ही, तुम्ही, सगळ्यांनी मिळून त्या नावाची राखण केली नाही, एवढंच. आज पत्ता सांगताना आमची नातवंडं 'चेंबूर' म्हणतात.

म्हणून त्या रात्री बाटलीमागचं बारीक 'अकलूज' वाचताना मला जरा गलबलून आलं. वाइनचा गुण म्हणायचा तर तेव्हा बूचही निघालं नव्हतं.

जेवणं झाली. वहिनींनी आमसुलाचं सार वाढलं, ते सर्वांना वाइनपेक्षा अधिक आवडलं. बाटलीत बोटभर उरलं होतं, सूनबाईनं बूच लावून ती फ्रिजच्या दारात ठेवली. काकीच्या काळात हे घडलं नसतं. मी गावाच्या नावाचं, हद्दींचं, नियमांचं पुराण लावलं तेव्हा सौ. भांडी आवरत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं फ्रिज उघडला, बाटली काढली, फिरवून पाहिली, पदरानं पुसली आणि परत ठेवली.

"गावाचं नाव पुढं लिहा म्हणावं त्यांना," ती म्हणाली. "लपवण्यासारखं काही केलं नसेल तर."